वैष्णवीसाठी राखून ठेवलेलं रक्त

लिही बाय सोने. मी बोलती तसंच लिही, शाळेतल्यावानी नीट करत बसू नको. हे आनंदाला वाचाया द्यायचंय. तू निदान आईच्या कडंवर बसलीयास, तिच्या हातचं खाल्लंयस. तुझ्या भावानं तर तिला बघितलीच न्हाई. परवा जेवता जेवता मला म्हनला, "आजी, मी आलो म्हणून ती गेली ना." भाजीत मीठ कमी हाय म्हनावं, तसं म्हनला. त्याचं उत्तर जेवता जेवता सांगायजोगं न्हाई, म्हनून आता तुला बसवलंय.

तर तुझी आई वैष्णवी. न्हावऱ्याकडची. लगीन होऊन हितं वाघोलीत आली तवा आपलं रान नगर रस्त्याला लागून व्हतं. ज्वारी आन् हरभरा. तिनं एकच सुगी बघितली. दुसऱ्या साली रान बिल्डरला गेलं, आन् जिथं ती हरभरा उपटत व्हती तिथं शिमिटाचं खांब हुभं ऱ्हायलं. आलेला पैसा तुझ्या आज्यानं बँकेत ठिवला आन् त्यो जाऊन पारावर बसला. बसला तो बसलाच. तुझ्या बापानं, संभाजीनं, गाडी घेतली. कंपनीतल्या पोरांना घरनं न्यायचं आन् घरी सोडायचं. म्हशी इकल्या, मला बी काम ऱ्हायलं न्हाई. घरातली समदी मानसं पाहुन्यावानी बसून. एकट्या वैष्णवीला बसायचं कसं ते ठावं नव्हतं.

त्या बिल्डिंगीत कंप्युटरवाली पोरं ऱ्हायला आली. कुनी नांदेडचं, कुनी लातूरचं. त्यातला एक उत्तरेश्वर, उस्मानाबादकडचा, निस्ता काडीवानी. रोज आपल्या दारापुढं हुभा ऱ्हाऊन वडापाव खायचा. एक दिस तुझ्या आईनं त्याला धरला.

"रोज ह्येच खातूस का रं?"

"काय करणार वहिनी, मेस लांब आहे."

"मेस म्हंजे काय असतंय? ताट वाढायचं आन् म्हैन्याला पैसं घ्यायचं, ह्येच ना? मग पाय धू आन् आत ये."

झाली मेस सुरू. सासऱ्याला इचारलं न्हाई, नवऱ्याला न्हाई. संभाजी घरी आला तर पडवीत चार पोरं जेवत बसलेली. त्यो म्हनला, "ही कोन?" ती म्हनली, "गिऱ्हाईक. तुमी बी हात धुवा, न्हाईतर भाकरी संपल." पुढं पुढं एक पंगत उठली की दुसरी बसायची. हाताखाली मैना ठिवली, ती आधी दगडखानीवर कामाला व्हती.

तोंड तिखट तुझ्या आईचं. पन पोरांना त्येच आवडायचं. उत्तरेश्वर ताटाकडं बघत बसायचा तर म्हनायची, "अरं ती चपाती हाय, कंप्युटर न्हाई. निस्तं बघून उघडायची न्हाई. तोड." कुनी भाजी टाकली तर म्हनायची, "तुझ्या आईचा नंबर दे, तिला ईचारती कसं वाढवलंय." पोरगं मुकाट्यानं भाजी खायचं. कुनाला ताप आला तर तीच मऊ भात घिऊन तीन जिनं चढायची, आन् वर जाऊन बोलायची, "फुकट न्हाई देत, पुढच्या म्हैन्यात लावीन." लावायची कधीच न्हाई.

तुझ्या येळंला तिचं पोट फाडलं व्हतं, तू आडवी झाली व्हतीस. त्यो टाका तिला कधी दुखला न्हाई, म्हनून आमी समदी त्यो इसरून गेलो. तू बालवाडीत जाया लागलीस तवा तिला परत दिस गेलं. सातवा लागला न लागला, आन् एक दिस दुपारची पंगत बसली व्हती. ती आमटी वाढत व्हती. मधीच थांबली. भगुनं मैनाच्या हातात दिलं आन् मोरीत गेली. तिथनं मला हाक मारली, "आत्या, जरा या की." आवाज रोजचाच. मी गेले तर मोरी लाल.

"दुखतंय का गं?"

"काय बी न्हाई. कंबर न्हाई, पोट न्हाई. निस्तं जातंय."

मला पाच बाळंतपनं झाली, समदी घरात. मला एकच ठावं, आधी कळा येत्यात, मग रगत. कळाच न्हाईत आन् रगत जातंय, ह्ये मी बघितलंच नव्हतं. शेजारची बायडाबाई म्हनली, "उष्णता आसंल, सब्ज्याचं बी भिजवून द्या." तुझी आई म्हनली, "पंगत तेवढी उठू द्या आत्या, मग बघू." नशिबानं संभाजी घरी व्हता. त्यानं दोघींचं बी ऐकलं न्हाई, तिला गाडीत घातली.

पुन्यातला मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीनबाई बारीक, चष्म्याच्या, हळू बोलनाऱ्या. त्यांनी तिला आतनं हात लावून तपासलंच न्हाई. म्हनल्या, "आतून कुणालाही तपासू देऊ नका. मीसुद्धा तपासणार नाही." पोटावरनं मशीन फिरवलं. रगत थांबल्यावर रगताच्या वाटा रंगात दाखवनारं दुसरं मशीन फिरवलं. मग मला, तुझ्या बापाला आन् तिला समोर बसवलं.

"आजी, वार माहितीये ना?"

"आता ती माहीत नसाया काय झालं. बाळामागनं पडती ती. म्हशीला जार, बाईला वार."

"बरोबर. बाळाचं खाणंपिणं सगळं वारेतूनच जातं. ती पिशवीत वरच्या अंगाला असायला हवी. ह्यांची खाली बसलीये, पिशवीच्या तोंडावर. बाळाच्या वाटेतच. पोट वाढतं तसं खाली ताण पडतो, वार जराशी सुटते आणि रक्त जातं. दुखत नाही, म्हणून बायका घरी थांबतात. तुम्ही थांबला नाहीत ते चांगलं केलंत."

वैष्णवी म्हनली, "म्हंजे ह्या बारीला बी पोट फाडनार. फाडा की. मागं बी फाडलंय."

"तीच अडचण आहे. मागचा टाका जिथं आहे तिथंच ही वार बसलीये. आणि टाक्यातून आत शिरलीये असं दिसतंय." मग माझ्याकडं वळल्या. "आजी, भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढला तर काय होतं?"

"भित येती खाली," मी म्हनले.

"म्हणून ओढायचा नाही. वार ओढली तर रक्त थांबणार नाही. बाळ काढून घ्यायचं, वारेला हात लावायचा नाही, आणि पिशवीसकटच सगळं काढायचं."

संभाजी खाली बघत व्हता. म्हशीचा जार अडकला की सरकारी डॉक्टर यायचा, कोपरापत्तूर हात घालून सोडवायचा, म्हैस सांच्याला वैरन खायची. मला वाटलं व्हतं मानसाचं बी तसंच काय तरी आसंल.

तुझी आईच बोलली. "म्हंजे ह्याच्यानंतर न्हाई."

"नाही."

"बरं. दोन बास हायेत. तिसऱ्याचं ताट कोन वाढनार हाय." ती हसली. डॉक्टरीनबाई हसल्या न्हाईत.

मग त्यांनी समदं समजावलं. नववा लागला की कळांची वाट न बघता दिवस ठरवून ऑपरेशन करायचं. तवर पडून ऱ्हायचं. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई, नवरा-बायकोनं लांब निजायचं. रगत वाढायच्या गोळ्या खायच्या. बाळ लवकर काढाया लागलं तर त्याला श्वास घेता यावा म्हनून इंजेक्शनं दिली. तिच्या रगताचा गट निगेटिव, त्याचं एक इंजेक्शन येगळं. गाडी कायम दारात पायजेल, आन् थेंब जरी दिसला तरी निघायचं. ऑपरेशनच्या आधी काही दिस हितंच येऊन ऱ्हायचं.

आन् निघताना म्हनल्या, "शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. ह्यांच्या गटाची माणसं कमी असतात. ऑपरेशनला रक्त खूप लागू शकतं, आमच्याकडे त्या दिवशी असेलच असं नाही. ह्या गटाची चार-पाच माणसं शोधा आणि तयार ठेवा. बोलावलं की आली पाहिजेत."

शोधायला लई लांब जायची गरज पडली न्हाई. पहिला तिचा धाकटा भाऊ, तुझा इस्वजीतमामा. तवा तालमीत जायचा, दंड बघावं तर भोपळ्याएवढं. मग आपल्या मंडळातला शंभू निघाला, रामदास निघाला, आन् केसनंदची दोघं. पाच झाली. तुझी आई म्हनली, "माझ्या मापाची पाच मानसं आपल्यातच हायेत, मला आजवर ठावंच नव्हतं." मामा दर रईवारी यायचा, खजूर आन् अंडी घिऊन. निम्मी तिला द्यायचा, निम्मी सोता खायचा. म्हनायचा, "ताई, मी भरलेला हाय. तू बिनघोर पड."

पडली ती. पन कशी. खाट पडवीत आनून घातली, सैपाकघराच्या दारासमोर. तिथनं मेस चालवायची. "मैना, तेल जळलं. वासावरनं कळतंय मला, तू तिथं हुभी हायस आन् तुला कळत न्हाई?" "आत्या, त्या लातूरच्याला भात वाढा, त्यो मागत न्हाई." पोरं हळू आवाजात जेवायची. जाताना एकेक जन खाटंपाशी थांबायचा. उत्तरेश्वर एक दिस कंप्युटरवरनं नावं काढून घिऊन आला, कागदच्या कागद.

"वहिनी, बाळाची नावं. नेटवरनं."

"आधी सोताचं बघ. उत्तरेश्वर म्हनल्यावर कंची पोरगी हुभी ऱ्हाईल तुझ्यापुढं?"

"माझं ग्रामदैवत आहे ते, वहिनी."

"मग द्येवाला घाबरून एखादी करंल." मग म्हनली, "वाच." त्यो वाचत ऱ्हायला, समदी नावं अशी की जीभ वळंना. पार शेवटाला आनंद आलं. म्हनली, "ह्ये ठिव. मुलगा झाला तर आनंद, मुलगी झाली तर आनंदी. मारताना हाक मारायला सोपं पडंल."

ह्ये नीट लिही सोने. त्याचं नाव तिनं ठिवलंय. त्यो व्हायच्या आधी ठिवलंय.

पन दुपारी पोरं गेली की ती गप व्हायची. मी शेंगा फोडत बसलेली असायची. ती वर पत्र्याकडं बघायची, आन् तिचं हात चादरीवर हालत असायचं, भाकरी थापल्यावानी. एकदा म्हनली, "आत्या, पडून ऱ्हायनं ह्ये एवढं अवघड काम हाय, ह्याचा पगार द्यायला पायजेल." मी म्हनले, "थोडं दिस ऱ्हायलं बाय." दुसरं काय म्हननार मी. अंग चोळायचं न्हाई, पोटाला तेल लावायचं न्हाई, मला जे जे येतं त्यातलं काईच चालत नव्हतं.

आता लिही ते शिबिराचं.

साहेबांचा वाढदिवस आला. नाव नको लिहू, आता ते बी ऱ्हायलं न्हाईत. रस्त्याच्या कडंला मांडव, ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर फ्लेक्स, आन् रगतदान. रगत घ्यायला त्याच मोठ्या दवाखान्याची पेढी, आन् जो देईल त्याला एक हेल्मेट आन् एक कार्ड. पुन्यात हेल्मेट घालतंय कोन, पन फुकट म्हनल्यावर रांग लागली. शेजारच्या गावातल्या मंडळानं मागच्या साली आपल्यापेक्षा जास्त बाटल्या भरल्या व्हत्या, त्ये मनात. संभाजी मंडळाचा कार्यकर्ता, सकाळधरनं माईकवर.

तिथं इस्वजीत आला. बरोबर शंभू, रामदास आन् केसनंदची दोघं. इस्वजीतनं मंडळातल्या एकाला ईचारलं, "कार्ड दिलं की कवाबी बाटली मिळती ना?"

"मिळती की. वर्सभर चालतंय कार्ड."

आता बघ सोने, मूर्ख न्हाई तुझा मामा. त्यानं डोस्कं लावलं. त्यो म्हनला, उद्या ताईला गरज पडली आन् मी गाडीवरनं पडलो तर? शंभू गावाला गेलेला असला तर? त्यापेक्षा आत्ताच भरून ठिवू. तवा आपल्याकडं समद्यांनी तेच बघितलं व्हतं. रान गेलं, पैसा आला, बँकेत ठिवला, कागद मिळाला, कागद दाखवला की पैसा मिळतो. रगताची बी बँकच की. पाची जनांनी दिलं. ईर्षेनं न्हाई, हेल्मेटासाठी न्हाई. तिच्यासाठी दिलं.

डोक्यावर हेल्मेट घालूनच मामा पडवीत आला. पाच कार्डं तिच्या उशीखाली सारली.

"ताई, काम झालं. पाच बाटल्या तुझ्या नावानं जमा."

"बरं. डोक्यावरचं ते पातेलं काढ आधी, वळखू येईनास."

पन तिचा चेहरा असा सुटला की मला आजून दिसतोय. रगत गेल्यापास्नं पहिल्यांदा मी तिला तशी बघितली. रात्रीच्या पंगतीला तिनं पोरांना कार्डं दाखवली. "बघा, माझी एफडी." संभाजी त्या दिशी पोटभर जेवला. मी देवापुढं साखर ठिवली. कुनालाच काय वाटलं न्हाई. वाटायला कारनच नव्हतं.

आठ दिस झालं, मांडवाचं खड्डं आजून बुजवलं नव्हतं, तेवढ्यात ती सकाळ आली. पोरं न्याहारी करून गेली व्हती. मी अंगनात व्हते. "आत्या, जरा या की." तोच आवाज. मी तिथंच वळखलं. चादर, गोधडी, खाली काथ्यापत्तूर समदं भिजलेलं. दुखत नव्हतंच. ती म्हनली, "कार्डं घ्या उशीखालची."

गाडी दारातच व्हती. आमी लगीच निघालो, एक पळ घालवला न्हाई. पन सकाळचा नगर रस्ता. खानीवरचं डंपर, कंपन्यांच्या बसा, कॉलेजची पोरं. गाडी हातभर जायची आन् थांबायची. संभाजी हॉर्नवरनं हात काढंना. शेजारच्या बशीत खिडकीला एक पोरगी कानात वायरी घालून निजली व्हती, मी तिच्याकडंच बघत बसले, कारन खाली बघवत नव्हतं. तुझ्या आईचं डोस्कं माझ्या मांडीवर. ती म्हनली, "मैनाला हिंग दाखवलाय का वो आत्या? वरच्या फळीवर हाय." मी म्हनले, दाखवलाय. मग तिनं माझा हात घेतला आन् पोटावर ठिवला. "बघा, हालतंय आजून." हालत व्हतं. चांगलं ढुशी देत व्हतं. "गडी चांगला हाय," ती म्हनली. तिचं व्हट तवा पांढरं पडाया लागलं व्हतं, आन् ती हसत व्हती.

दवाखान्यात तिला दारातनंच आत नेली. डॉक्टरीनबाई पळत आल्या. त्यांनी ईचारलं, "रक्ताची माणसं?" संभाजी म्हनला, "समदं करून ठिवलंय म्याडम," आन् कार्डं दाखवली. त्यांनी कार्डं उलटून बघितली आन् म्हनल्या, "खाली रक्तपेढीत जा. लवकर जा."

मी बी त्याच्या मागं गेले. मला वर बसवंना. तिथला मानूस डोक्यानं पिकलेला, चांगला मानूस व्हता. त्यानं कार्डं बघितली.

"ह्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, त्या वर पाठवल्यात. अजून लागणार आहेत. माणसं आणा."

"पाच भरल्यात आमी. ही कार्डं."

"भरल्यात ना, पण त्या वापरल्या गेल्या. रोज अपघात असतात, ऑपरेशनं असतात. कार्डावर मी तुम्हाला पिशवी देतो, नाही म्हणत नाही. पण ह्या गटाची असली तर देणार ना? तुमचीच बाटली तुमच्यासाठी कपाटात ठेवतो असं नसतं हो."

तवर मामा येऊन पोचला, मागनं शंभू, रामदास आन् केसनंदची दोघं. मामाच्या हातात हेल्मेट तसंच. त्यानं बाही वर केली. "मग आत्ता घ्या. लागंल तेवढं घ्या."

त्या मानसानं त्याचा दंड हातात धरला. सुईची निळी खून आजून व्हती.

"शिबिरात दिलंत ना? तीन महिने घेता येत नाही."

"कुनाला सांगायचं न्हाई. मी लिवून देतो, कधीच दिलं न्हाई म्हनून."

"खूण दिसतीये मला."

"माझी सख्खी बहीन हाय वो."

"तुम्हीही इथं आडवे झालात तर तुमच्या आईनं कुणाकडे बघायचं?" तो मानूस असं म्हनला आन् लगीच फोनला बसला. ह्या पेढीला लाव, त्या पेढीला लाव. कुनाकडं एक व्हती, ती आनायला शंभू गाडीवर गेला. मामा तिथंच हुभा, बाही वर केलेली. ती खाली घ्यायचं बी त्याच्या ध्यानात न्हाई. पाच मानसं तिच्या मापाची, पाची बोलावल्यासरशी आलेली, आन् पाची रिकामी.

मी संभाजीला सांगितलं, उत्तरेश्वरला फोन लाव. त्यानं हापिसात कंप्युटरवरनं समद्यांना निरोप धाडला. तासाभरात गळ्यात कंपनीच्या वळखपत्राचं पट्टं घातलेली तीन पोरं आली. एका पोरीला तर मराठी येत नव्हतं, तिनं माझं हात धरलं आन् आत गेली. त्यातल्या दोघांचं घेतलं. पन घेतलं की लगीच देता येत न्हाई, आधी तपासाया लागतं. मी दारात बसून ऱ्हायले. आत जायचं न्हाई, बाहेर काय करायचं न्हाई. पदराची गाठ सोडायची आन् बांधायची.

डॉक्टरीनबाई एकदा बाहेर आल्या. म्हनल्या, "मुलगा आहे. छोटा आहे, काचेत ठेवलाय, पण रडला. पिशवी काढतोय. ह्यांच्या गटाची वाट बघत बसता येत नाही, आता पॉझिटिव्ह गटाचं रक्त देतोय. जीव वाचवायला द्यावं लागतं." संभाजीनं मान हालवली. त्याला काय बी ईचारलं असतं तरी त्यानं मान हालवली असती.

मग एका नर्सनं ट्रे आनून दाखवला, तशी रीतच असती त्यांची. संभाजीनं तोंड फिरवलं. मी बघितला. वार पिशवीला धरून बसली व्हती, आरपार. कुठं वार संपती आन् कुठं पिशवी, कळत नव्हतं. पिंपळ खरंच आत गेला व्हता.

दुसऱ्या बारीला त्या आल्या तवा त्यांचा चष्मा हातात व्हता. "रक्त गोठायचंच थांबलंय. आम्ही जितकं देतोय तितकं जातंय." प्रयत्न चालू हाय म्हनल्या. मला त्यातलं काय कळलं न्हाई, एवढंच कळलं की ह्या बाईला येतं ते समदं ती करतीया, आन् तिच्या बी हातात आता काय न्हाई. माझ्यावानीच झालं तिचं.

दिवेलागनीला तुझी आई गेली. शुद्धीवर ती आलीच न्हाई.

चार दिसांनी मामा एकटाच डॉक्टरीनबाईंकडं गेला. मला नंतर त्यानंच सांगितलं. त्यानं ईचारलं, "आमी पाच जन भरलेलं असतो तर ती वाचली असती का?" त्यांनी तिची फाईल परत काढून बघितली. मग म्हनल्या, "कदाचित. कदाचित तरीही नाही. वार फार खोल गेली होती. मला खरंच सांगता येत नाही." त्याला दोन्हीतलं एक पायजे व्हतं. व्हय म्हनल्या असत्या तर त्यो रडून मोकळा झाला असता. न्हाई म्हनल्या असत्या तर घरी येऊन जेवला असता. दोन्ही मिळालं न्हाई.

मी त्याला आजवर दोषाचा एक शब्द बोलले न्हाई. काय बोलायचं? त्यानं जे केलं ते बहिनीसाठी केलं. आता बघ, गावात दर वर्सी शिबिर व्हतं, माईकवरनं त्याचं नाव पुकारत्यात, "पैलवान सुईला भ्यालं." त्यो ऐकून घेतो. शिबिरात देत न्हाई. कुनाचा फोन आला, अमक्या दवाखान्यात अमकी बाई हाय, ह्या गटाचं पायजेल, की उठून जातो. एरवी सोताला राखून ठिवतो. आन् भाऊबीजेला हितं येतो. ओवाळायला कोन न्हाई, तरी येतो. खाट व्हती तिथं बसतो, च्या पितो, आनंदाकडं बघत न्हाई आन् जातो. आनंदाला वाटतं मामाचा राग हाय. राग न्हाई बाय. आनंदाला बघितलं की त्याला ती बाही आठवती.

मेस मैनानं थोडं दिस रेटली. तिला जमली न्हाई, मला बी जमली न्हाई. पोरं पांगली.

आता आनंदाचं लिही. त्याला म्हनावं, तू आलास म्हनून ती गेली न्हाई. डॉक्टरांनी कुनाला एकाला निवडलं न्हाई. वार खाली बसली आन् जुन्या टाक्यात शिरली, त्यात तू काय केलंस? त्याच वारंनं तुला साडेसात म्हैनं पोसलं. तिनं जरा जास्तच घट्ट धरलं. का धरलं, ते मला ठावं न्हाई. डॉक्टरीनबाईंना बी ठावं न्हाई.

आन् त्यानं इचारलं, आईनं मला बघितलं का, तर खोटं लिहू नको. न्हाई बघितलं. पन नगर रस्त्यावर, गाडीत, तिनं माझा हात घेऊन तुझ्यावर ठिवला. गडी चांगला हाय, म्हनली. त्या हाताला आजून ते ध्यानात हाय. त्याला सांग, आज्जीकडं ये, हात दाखवती.